गिटार ॲम्प रिपेअरिंगचा धंदा: पैसे डाग मारण्याचे नाहीत, दोष शोधण्याचे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण २० वॉटचा एक साधा गिटार ॲम्प टेबलावर उघडला आणि दुरुस्त केला. व्हिडिओत हात दिसतात, सोल्डरिंग आयर्न दिसतं, धूर दिसतो. पण या कामात पैसा नेमका कुठे मिळतो आणि कुठे गळतो, ते कॅमेऱ्यात येत नाही. ते इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तमच.

आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेली, हातात चांगली कला असलेली कितीतरी मुलं माझ्या बॅचला येतात. डाग सुंदर मारतात. पण महिन्याच्या शेवटी गल्ल्यात काही उरत नाही. कारण ती फक्त डाग मारण्याचे पैसे घेतात. पन्नास रुपये, फार तर शंभर. दोष शोधण्यात गेलेला दीड तास त्यांनी फुकट वाटलेला असतो. ॲम्पच्या कामात खरा वेळ शोधण्यातच जातो आणि सापडल्यावर बदलायचा पार्ट बऱ्याचदा दहा-वीस रुपयांचा निघतो. डॉक्टर काय गोळीचे पैसे घेतात का? तपासणीचे घेतात. आमच्या मिरजेत सतारमेकरांकडे तंबोरा नेला, तर कारागीर आधी तो छेडून बघतो, भोपळ्यावर बोटं ठोकून बघतो, मग तोंड उघडतो. तुमचंही तसंच असलं पाहिजे.

हे काम येतं कुठून

गिटार ॲम्प म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून अगदी बारीक सिग्नल निघतो. ॲम्पचा पहिला भाग, प्रीॲम्प, तो सिग्नल मोठा करतो आणि बेस-ट्रेबल देतो. दुसरा भाग, पॉवर ॲम्प, त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. तिसरा भाग पॉवर सप्लाय: ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठे कंडेन्सर. शेवटी स्पीकर. चार खोल्यांचं घर समजा. चोर कुठल्या खोलीत आहे एवढंच शोधायचं.

गिऱ्हाईक कोण? कॉलेजातले बँड, गिटार क्लास घेणारे सर, चर्चमध्ये वाजवणारी मुलं, लग्नातले ऑर्केस्ट्रावाले, आणि मुंबई-कोकणात किंवा आमच्या पश्चिम महाराष्ट्रात बेंजो पार्टीवाले. बेंजोलाही ॲम्प लागतोच. ही मंडळी आता ॲम्प ऑनलाइन घेतात. वॉरंटी संपली की तालुक्याच्या गावात विचारायला कोणी नसतं. टीव्ही रिपेअरवाला म्हणतो माझं काम नाही, साउंडवाला म्हणतो नवीन घ्या. या दोघांच्या मधली जी जागा आहे ना, ती तुमची.

सामान फार लागत नाही. बऱ्यापैकी मल्टीमीटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, सिरीज बोर्ड, दोन खात्रीच्या केबल्स आणि एक चालू स्पीकर. पाच-सहा हजारांत टेबल उभं राहतं. एवढ्यासाठी कर्ज काढू नका. ऑसिलोस्कोप पहिल्या वर्षी नको. उद्यम नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करून टाका, ऑनलाइन होते आणि फी नाही.

स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी

गिऱ्हाईक आलं की पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. आवाज अजिबात येत नाही, की येतो-जातो? बंद पडला तेव्हा घरी वाजत होता की मांडवात? मांडवात असेल तर लाइटवर की जनरेटरवर? जळका वास आला होता का? आणि शेवटचा प्रश्न हसत विचारायचा: "आधी कोणी उघडला होता का?" खरं उत्तर मिळालं तर तुमचा एक तास वाचला. कारण एकदा कोणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवली असेल, तर तो ॲम्प वेगळ्याच पद्धतीने तपासावा लागतो.

मग काउंटरवरच तुमची केबल आणि तुमची गिटार लावून वाजवा. आमच्या दुकानात एका केबलला लाल टेप गुंडाळलेली आहे. ती कोणाला द्यायची नाही, विकायची नाही, तिच्यावर फक्त तपासणी. ॲम्प खराब म्हणून येणाऱ्या तक्रारींत केबलचा दोष इतक्या वेळा निघतो की ही पायरी गाळणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पिनेजवळ तार आतून तुटलेली असते, वरून काही दिसत नाही. केबल मल्टीमीटरच्या बीपवर लावा आणि पिनेजवळ हलवत राहा. बीप तुटली की दोष सापडला.

केबल निघाली तर तपासणीचे पैसे घेऊ नका. नवीन केबल विका किंवा पिन बदलून द्या. तो माणूस बाहेर जाऊन चार जणांना सांगतो, "ॲम्प उघडायच्या आधीच खरं काय ते सांगितलं." ही जाहिरात विकत मिळत नाही.

एक केस: अर्धा तास छान, मग आवाज दबतो

आता मुख्य कामाकडे. गिऱ्हाईक सांगतं, "चालू केला की अर्धा तास मस्त वाजतो. मग आवाज दबतो, खरखर येते. वर एक थाप मारली की परत येतो."

ही थाप म्हणजे सोनं आहे. जळलेली आयसी थापेने जिवंत होत नाही. थापेने आवाज परत येतो म्हणजे कुठेतरी जोड सुटलाय. आणि अर्धा तास लागतो म्हणजे आतलं गरम झालं की तो जोड उघडतो. ॲम्प न उघडताच तुम्हाला निम्मी माहिती मिळाली. जॉब कार्डवर तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहा. "आवाज प्रॉब्लेम" असं लिहिलंत तर ही सगळी माहिती गेली.

पुढची पायरी म्हणजे घराचे दोन भाग करणं. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत का बघा. ते प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या बरोब्बर मधे असतात. त्यांना कधी इफेक्ट पेडल लावलेलं नसलं तरी बऱ्याच ॲम्पमध्ये सगळा आवाज रिटर्न जॅकच्या आतल्या एका चिमुकल्या पट्टीतून जातो. पिन घातली की ती पट्टी उचलली जाते, पिन काढली की टेकते. वर्षानुवर्षं कोणी पिन घातलीच नाही तर पट्टीवर काळा थर चढतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे फार लवकर होतं. आवाज दबल्यावर एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज लगेच मोकळा झाला तर दोष त्या पट्टीचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन वीसेक वेळा आत-बाहेर करा, संपलं.

लहान प्रॅक्टिस ॲम्पला सेंड-रिटर्न नसतं. तिथे हेडफोनच्या जॅकवर पहिला संशय घ्या. हेडफोन लावला की स्पीकर बंद व्हावा म्हणून त्यातही तशीच पट्टी असते. ती मळली की ॲम्पला वाटतं हेडफोन लावलाय, आणि स्पीकर गप्प. त्याच ॲम्पला ऑक्स इनपुट असेल तर मोबाइलवरून गाणं लावून बघा, आवाज कमी ठेवून. गाणं स्वच्छ वाजतंय आणि गिटारच दबतेय, तर पॉवर ॲम्प, सप्लाय आणि स्पीकर निर्दोष. दोष इनपुट आणि प्रीॲम्पमध्ये. गाणंही दबतंय, तर पुढच्या बाजूला शोधा. बघा, अजून एकही स्क्रू काढलेला नाही आणि निम्मं घर तपासून झालं.

आपल्या केसमध्ये गाणं स्वच्छ वाजलं. म्हणजे पुढच्या पॅनलचा बोर्ड. आता उघडा. प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून चालणार नाही. मोठ्या कंडेन्सरवर मल्टीमीटर लावून व्होल्टेज उतरलंय याची खात्री करायची, मगच बोट आत.

इनपुट जॅक आणि व्हॉल्यूम-टोनचे पॉट जिथे बोर्डला जोडलेत तिथे भिंग धरा. चांगला डाग चकचकीत आणि पायाला चिकटून चढलेला दिसतो. खराब डागात पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते. दिसली नाही तर ॲम्प चालू करून लाकडी काडीने, आइस्क्रीमची काडी असते ना, तिने एकेक पार्ट हलके ठोकत जा. काडी कोरडी हवी, आणि २३० व्होल्टचा भाग पुठ्ठ्याने झाकलेला हवा. ज्या पार्टला ठोकल्यावर खरखर होते तिथे थांबा.

आता डाग. जुन्यावर नुसतं आयर्न टेकवून वितळवलं की दुरुस्त झाल्यासारखं दिसतं, पण टिकत नाही. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढा, फ्लक्स लावा, नवीन सोल्डर द्या. जॅकचे सगळे पाय करा, एकच नको.

आणि इथे तो मुद्दा येतो ज्यामुळे एक मेकॅनिक दहा वर्षं टिकतो आणि दुसरा दोन महिन्यांत बदनाम होतो. ती चीर पडली का? बाहेरून जॅकचा नट हलवून बघा. बहुतेक ढिला असतो. नट ढिला म्हणजे केबलचा प्रत्येक झटका पॅनल घेत नाही, बोर्डवरचा डाग घेतो. नवीन डाग मारून नट तसाच ठेवलात तर हाच ॲम्प गणपतीपर्यंत परत तुमच्या काउंटरवर. तेव्हा गिऱ्हाईक म्हणणार, "तुमचं काम टिकत नाही." नट घट्ट करायला दहा सेकंद लागतात आणि पार्टचा खर्च शून्य. पण मित्रांनो, डागाइतकीच ती दुरुस्ती आहे. दोष काय एवढ्यावर थांबू नका, दोष का आला तेही शोधा.

जाता जाता एक: पॉट फिरवल्यावर खरखर येत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरच मारा. दाराच्या बिजागरीला मारायचा गंजाचा स्प्रे नको. तो तेलकट थर ठेवतो, धूळ धरतो.

घुर्रर्र आवाज

ही दुसरी नेहमीची तक्रार. पहिली चाचणी व्हॉल्यूमची. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घुरघुर गेली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरतेय: केबल, जॅक, गिटारची वायरिंग. शून्यावरही तशीच राहिली तर पॉवर सप्लाय किंवा पॉवर ॲम्प.

कान थोडा तयार करा. आपली वीज ५० हर्ट्झची. केबलचं शिल्ड तुटलं, ग्राउंड सुटला की जी घुरघुर येते ती ५० हर्ट्झची, जाड आणि खोल. डायोड ब्रिजनंतर तेच १०० हर्ट्झ होतं. मोठे कंडेन्सर सुकले की जो आवाज येतो तो हा, जरा वरचा आणि भुणभुणणारा. तुलना करायला मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप असतं, त्यावर दोन्ही आवाज ऐकून ठेवा. एक आठवड्यात ओळखता येतात.

कंडेन्सर फुगलेला दिसला तर बदलायचाच. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीचा घ्या. पट्टीची बाजू म्हणजे मायनस. उलटा बसला तर फुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. घुरघुर जाते म्हणून थ्री पिनची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. कधीही करू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. आत कुठे फेज बॉडीला लागला आणि अर्थ नसला, तर गिटारवाल्याचा हात फेजवर आहे. समोरच्या माइकला ओठ टेकला की विजेला वाट मिळाली. हा झटका जीव घेऊ शकतो. अर्थ पिन कापलेला ॲम्प कशाच्याही दुरुस्तीला आला तरी तुमच्या दुकानातून थ्री पिन प्लग लागल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काम करू नका. तपासणीचे पैसे घ्या आणि नमस्कार.

फ्यूज उडालेला ॲम्प

फ्यूज उगाच उडत नाही. नवीन घालून थेट लावला की तोही गेला, वर आत आणखी काही गेलं. म्हणून सिरीज बोर्ड. जुना फिलामेंटचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब ॲम्पच्या सिरीजमध्ये लावायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चांगला असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि करंट बल्बने अडवल्यामुळे तुमचा ॲम्प वाचलाय. एसएमपीएस सप्लायचे ॲम्प मात्र या चाचणीत लुकलुक करतात किंवा चालूच होत नाहीत, तिथे या बल्बवरून निष्कर्ष काढू नका.

शॉर्ट बहुतेक वेळा डायोडमध्ये किंवा आउटपुट आयसीत सापडतो. लहान ॲम्पमध्ये टीडीए२०३०, टीडीए२०५०, एलएम१८७५ अशा आयसी असतात. स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट असेल तर ठीक. दोन-चार व्होल्ट किंवा जास्त दिसले तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ असेल तर डायोडनंतर साधारण अधिक-उणे २० च्या आसपास दोन्ही बाजूंनी मिळालं पाहिजे. एकच बाजू मिळतेय तर आयसीला दोष देण्याआधी सप्लाय बघा.

आयसी बदलताना तिच्या पाठीमागची अभ्रकाची पट्टी विसरू नका. टीडीए२०३० ची धातूची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते. पट्टी नसली तर हीटसिंकमधून बॉडीला शॉर्ट, आणि नवा फ्यूजही गेला. डुप्लिकेट आयसीचा तर सुळसुळाट आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, एक भरवशाचा दुकानदार धरा आणि दहा रुपये जास्त द्या. स्वस्त आयसी घातलेला जॉब परत आला की तुमचा अख्खा दिवस जातो.

स्पीकरची चाचणी सोपी. दोन्ही वायरी सोडवून मोजा, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की टक असा आवाज आणि कागद हलतो.

मांडवातून आलेल्या ॲम्पबद्दल एक वेगळी सूचना. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या प्लगवर २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. अशा वेळी एका ॲम्पवर भागत नाही, कीबोर्डचा ॲडॅप्टर, मिक्सर सगळंच गेलेलं असतं. गिऱ्हाइकाला विचारा आणि सगळं सामान एकदमच मागवून घ्या. तीन जॉब एका फेरीत.

कोणतं काम घ्यायचं नाही

व्हॉल्व्हचा म्हणजे ट्यूबचा ॲम्प सुरुवातीची दोन वर्षं नको. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते थांबून राहतं. शिकून घ्या, जाणकाराच्या शेजारी बसा, तोवर काम पुढे पाठवा आणि आणण्या-नेण्याचा चार्ज घ्या. गिऱ्हाइकाला एवढं मात्र आवर्जून सांगा की स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अमेरिकेहून मामाने किंवा दादाने आणलेला ॲम्पही येतो. तिकडची वीज १२० व्होल्टची. इथे भिंतीत लावला की फट्. आधी मागची पाटी वाचा, व्होल्टेजचा स्विच आहे का बघा. स्विच नसेल आणि नुसता फ्यूजच गेला असेल तर फ्यूज बदला आणि स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर विका. ट्रान्सफॉर्मरच जळला असेल तर खर्चाचा आकडा ऐकवून निर्णय गिऱ्हाइकावर सोडा.

स्वस्त ॲम्पचा प्रश्न अवघड असतो. पाच हजारांचा ॲम्प आणि दुरुस्ती अडीच हजारांची. तुमचा धंदा बुडेल म्हणून खरं लपवू नका. आमच्याकडे नियम आहे: नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा बिल जास्त होणार असेल, तर आधी फोन, मग काम.

आता बिल

चला, गणित करू. समजा दुकानाच्या कोपऱ्यातल्या या टेबलाच्या वाट्याचं भाडं महिना ६,००० रुपये. वीज १,५००. हत्यारांची झीज आणि सोल्डर-स्प्रे १,०००. टेबलावर बसणाऱ्या मुलाचा पगार १५,०००. एकूण २३,५००. महिन्याचे २५ दिवस, आणि दिवसाचे आठ तास टेबलावर बसला तरी प्रत्यक्ष दुरुस्तीचे पाचच धरा. बाकी वेळ फोन, चहा, गिऱ्हाईक. म्हणजे १२५ तास. एका तासाचा खर्च १८८ रुपये. यात तुमची स्वतःची कमाई एक रुपयाही नाही.

आता वरच्या केसमधला इनपुट जॅक बघा. ऐकणं, तपासणं, उघडणं, डाग, परत बांधणं, अर्धा तास वाजवून बघणं. दीड तास धरला तर २८२ रुपये खर्च. आणि आपली मुलं त्याचे १०० घेतात! प्रत्येक जॉबमागे १८२ रुपये खिशातून घालून.

आमच्याकडे तपासणीचे ३०० रुपये. काउंटरवर पाटी आहे, आधी सांगितलेलं असतं, पावती फाडलेली असते. पुढे काम केलं तर ते बिलातून वजा. दुरुस्तीची मजुरी जॉबनुसार, पार्ट वेगळे. जॅकच्या या कामाचे ६०० होतात. "दोन डागांचे सहाशे?" असं कोणी म्हणतंच. तेव्हा वाद घालायचा नाही. जॉब कार्ड पुढे करायचं: तक्रार काय होती, काय तपासलं, काय चांगलं निघालं, दोष कुठे आणि का, काय केलं. पाच ओळी. चीर पडलेल्या डागाचा फोटो उघडल्यावर लगेच काढून ठेवायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा. बदललेले जुने पार्ट छोट्या पिशवीत घालून परत द्यायचे. माणसाला पैसे द्यायला जड जात नाही, कशाचे दिले ते न कळलं की जड जातं.

ॲम्प देताना त्याच्यासमोर त्याचीच गिटार लावून वाजवायचा. ज्या कामाला हात लावला त्याची तीन महिन्यांची हमी लिहून द्या. सगळ्या ॲम्पची नको, फक्त त्या कामाची. हे शब्द कार्डवर स्पष्ट हवेत.

आणि एक वही ठेवा. कोणतं मॉडेल, काय दोष, किती वेळ गेला, किती बिल झालं. अमेरिकेत लिओ फेंडर नावाचा माणूस होता. शिकला अकाउंटिंग, नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. पण वादक त्याच्याकडे बिघडलेले ॲम्प आणायचे आणि ते कुठे कुठे बिघडतात हे त्याला रोज टेबलावर दिसायचं. पुढे त्याने स्वतःचे ॲम्प आणि गिटार बनवले, आणि आज फेंडर हे नाव गिटारवाल्यांना सांगावं लागत नाही. तुम्ही कारखाना काढाच असं मी म्हणत नाही. पण कारखान्यालाही न दिसणारी माहिती रिपेअरवाल्याच्या वहीत जमते, आणि तिचे पैसे होतात.

आम्ही ते असे करतो. जून-जुलैत वही उघडायची आणि गेल्या सीझनमधल्या बेंजो पार्टीवाल्यांना, ऑर्केस्ट्रावाल्यांना फोन लावायचे. "गणपतीआधी सर्व्हिसिंग करून घ्या." जॅकचे नट, पॉट साफ, हेडफोनची पट्टी, प्लगचं अर्थिंग, केबलची तपासणी. ठरलेला दर, ४०० रुपये ॲम्पमागे, तीन ॲम्प एकत्र आणले तर १,०००. पावसाळ्यात दुकान रिकामं असतं तेव्हा हे काम येतं, आणि ऐन विसर्जनाच्या दिवशी रात्री साडेनऊला येणारे फोन निम्मे होतात.

सध्या आमच्या वहीत सगळ्यात वर इनपुट जॅक आहे, त्याखाली हेडफोन जॅक, मग केबलच्या पिना. म्हणून पुढच्या व्हिडिओत जॅक बोर्डवरून काढून नवा बसवणं पहिल्यापासून दाखवतो. घरात एखादा जुना बंद रेडिओ असेल तर त्याचा बोर्ड काढून ठेवा, डागाचा सराव त्याच्यावरच करायचाय.